शेवटचे दीडशे मीटर: खाडीकाठच्या घरात संसार हलवताना

ज्यांनी हा भाग लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकलाय त्यांना यातलं बरंचसं माहीत आहे. पण "ताई, ते भरतीचं गणित लिहून टाका" असे इतके मेसेज आले की म्हटलं, अख्खा भागच लिहून काढू. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी इथे घातल्यात आणि माझी बडबड थोडी कापलीय.

विषय असा: घर पाण्याच्या कडेला आहे, दारापर्यंत गाडी जात नाही, आणि तिथे सगळा संसार न्यायचाय. अशा वेळी पॅकर्स-मूव्हर्स कसे ठरवायचे? हे मी शहाणपणाने शिकले असं अजिबात नाही. माझ्यामुळे एका मुलाचा पाय फाटला, तेव्हा शिकले. तर ते आधी सांगते.

बाबा रिटायर झाल्यावर आई-बाबांनी डोंबिवलीचा फ्लॅट सोडून गावच्या घरी राहायला जायचं ठरवलं. गाव गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या कडेला. घर आजोबांच्या वेळचं, जांभ्याचं. डांबरी रस्ता वर डोंगराच्या अंगाला आणि घर खाली. मधे पाखाडी. ज्यांना पाखाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना गडगे, वर आंबा-फणसाची सावली, त्यामुळे डिसेंबरातसुद्धा काही पायऱ्यांवर शेवाळ असतं. आमच्या पाखाडीला एकशे बेचाळीस पायऱ्या आहेत. लहानपणी आम्ही मोजत उतरायचो, त्यामुळे तो आकडा मला पाठ होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण फोनवर मी तो सांगितला नाही.

मी तीन कंपन्यांना फोन केले. दोघांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, गाडी दारात लागते का?" मी पहिल्याला खरं सांगितलं, तर त्याने एकदम अठ्ठेचाळीस हजार सांगितले. दुसऱ्याला म्हटलं, "थोडं चालावं लागतं." तो बत्तीस म्हणाला. झालं! सोळा हजार वाचले म्हणून मी त्या दिवशी खूश होते. तिसऱ्याचं तर मी नीट ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

कंपनीचं नाव सांगणार नाही. त्यांच्या चुका होत्या, त्यावर येतेच. पण सुरुवात माझ्या "थोडं चालावं लागतं" पासून झाली.

डोंबिवलीहून रात्री गाडी निघाली. पनवेल, मुंबई-गोवा महामार्ग, कशेडी, परशुराम घाट, चिपळूण, मग गुहागर रस्ता. एवढं सगळं सुरळीत. लोकांना वाटतं लांबचा प्रवास म्हणजे धोका. सामानाच्या बाबतीत हायवेवर फारसं काही होत नाही. ते बांधलेलं असतं, गाडीत बसलेलं असतं. जे काय व्हायचं ते गाडीच्या फाळक्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत होतं. दुपारी तीनला आयशर आमच्या वळणावर येऊन थांबली आणि सुपरवायझर पाखाडीच्या तोंडाशी येऊन नुसता बघत राहिला. त्याच्याबरोबर चार जण होते.

"हे थोडं आहे?" एवढंच म्हणाला तो.

मग वाद. मी म्हटलं, ठरलंय तसं करा. तो म्हणाला, वरचे पंधरा हजार द्या नाहीतर इथेच उतरवतो. बाबा मधे पडले, दहावर मिटलं. मिटल्यावर त्यांनी घाई सुरू केली, कारण सहाला अंधार पडतो आणि त्यांना रात्रीच परत निघायचं होतं. खोकी, गाद्या, भांड्यांचे पिंप खाली गेले. मग त्यांनी कपाट काढलं. आपलं नेहमीचं लोखंडी कपाट, साडेसहा फुटांचं. दोघे पुढे, दोघे मागे. साधारण सत्तराव्या पायरीवर वाट वळते, तिथे पुढच्या एका मुलाचा पाय शेवाळावरून सरकला. तो बसकण मारून पडला आणि कपाटाची कड त्याच्या नडगीवर आली.

हाड मोडलं नाही. पण सात टाके पडले आणि घोटा सुजून हा एवढा झाला. शेजारच्यांच्या रिक्षातून त्याला दवाखान्यात नेलं. मी बरोबर गेले. तिथे बाकावर बसल्या-बसल्या तो मला म्हणाला, "ताई, फोनवर सांगितलं असतं ना, तर आम्ही सात-आठ जण आलो असतो. दोर आणले असते."

(रेकॉर्डिंगमध्ये इथे मी थोडा वेळ गप्प आहे. ते कापलं नाही.)

तर पहिली गोष्ट ही: मूव्हर्सना दर विचारायच्या आधी शेवटचा टप्पा दाखवा. सांगू नका, दाखवा. "अरुंद", "थोडं लांब", "जरा चढ" या शब्दांचा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा अर्थ असतो. मोबाईल हातात घ्या आणि जिथे गाडी थांबेल तिथून घराच्या आतपर्यंत न थांबता व्हिडिओ काढत चाला. पायऱ्या मोठ्याने मोजा. सगळ्यात अरुंद जागी टेप लावा आणि आकडा बोला. वळण असेल तिथे थांबून वर-खाली फिरवा: वायर किती उंचीवर आहे, फांदी आडवी आलीय का. मग दरवाजा मोजा. जुन्या कोकणी घराचा दरवाजा ठेंगणा असतो, आपण वाकून आत जातो. कपाटाला वाकता येत नाही. आणि हे सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवून लिहा, "हे बघून दर सांगा, आणि माणसं किती येणार तेही लिहा." माणसांची संख्या लेखी हवी. दर कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दोन माणसं कमी पाठवणं. त्या दोघांचं ओझं मग उरलेल्यांच्या पाठीवर जातं.

आता पुढची हकिगत, कारण खरा धडा त्यात आहे.

दवाखान्यातून परत येईपर्यंत सात वाजले होते. सुपरवायझरने उरलेलं सामान वरच्या चुलत काकांच्या पडवीत उतरवून घेतलं होतं आणि गाडी निघायच्या तयारीत. फ्रिज, वॉशिंग मशीन, आईचं शिलाई मशीन, लाकडी पलंग आणि ते कपाट, सगळं जड सामान वर. आईला इन्सुलिन लागतं, म्हणून फ्रिजची मला जास्त काळजी. ती रात्र शेजाऱ्यांच्या फ्रिजवर निघाली.

तात्या, म्हणजे आमच्या खालच्या घरचे, आयुष्यभर खाडीत होडी चालवलेला माणूस, रात्री अंगणात येऊन बसले. म्हणाले, "गो बाय, जड सामान पाखाडीने कोण आणतो? या घराचे वासे कशाने आलेत ठाऊक आहे का तुला? पाण्याने." मी म्हटलं, पण दुपारी तर खाडीत नुसता चिखल होता, सुपरवायझर बघून हसला. तात्या म्हणाले, "दुपारी असणारच. आज एकादशी ना?"

आणि इथे येतं ते भरतीचं गणित. किनाऱ्यावरची जुनी माणसं ते असं करतात: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि रात्रीचीही. एकादशी म्हणजे अकरा, पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठच्या सुमाराला भरती, आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, दुपारी सव्वादोन. आमची गाडी आली तीनला! चिखलच दिसणार. दुसऱ्या दिवशी द्वादशी, बारा पाऊणे नऊ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. अष्टमीला सहा.

हे जमतं कारण भरती चंद्रामागे चालते. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणून रोज वेळ पाऊण-पन्नास मिनिटं पुढे सरकते. तुमचं गाव किनाऱ्यावर कुठे आहे आणि घर खाडीत किती आत आहे, यावर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे गणितावरून दिवस ठरवा, नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा नाहीतर तिथल्या होडीवाल्याला विचारा. मोबाईलवर तक्ते मिळतात. पण तक्ता जवळच्या बंदराचा असतो, तुमच्या घाटाचा नसतो.

दिवस निवडतानाही एक गोम आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी भरपूर चढतं आणि तितकंच खाली जातं. होडी अगदी पायरीला लागते, पण ओढही जबरदस्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती: पाणी शांत, पण चढतं कमी, आणि उथळ घाटाला होडी पोचतच नाही. तात्यांचं मत, जड सामानाला उधाणाच्या दोन-तीन दिवस अलीकडची तिथी बरी. आमची द्वादशी आयतीच जमली.

सकाळी सातला चुलत काकांच्या पडवीतून सामान एका पिकअपने जेटीवर नेलं. तात्यांनी दोन होड्या शेजारी-शेजारी लावून वर फळ्या बांधल्या होत्या. याला सांगड म्हणतात. आपण "दोन गोष्टींची सांगड घालणे" म्हणतो ना, तीच ही सांगड. मी तो शब्द शाळेत निबंधात वापरून वापरून झिजवला होता आणि वस्तू पहिल्यांदा त्या दिवशी बघितली. गोव्यात २९ जूनला कोळी समाज अशाच जोडलेल्या होड्यांवर सांगोड साजरा करतो. एकट्या होडीत फ्रिज उभा ठेवला तर ती डुचमळते. सांगड रुंद असते, उलटत नाही.

आणि मग तात्यांचा एक नियम, जो मी प्रत्येकाला सांगते: पाणी चढत असताना जायचं, उतरत असताना नाही. चढत्या पाण्यात होडी गाळात रुतली तर दहा मिनिटं थांबा, पाणीच उचलतं. उतरत्या पाण्यात रुतली तर पुढचे कितीतरी तास तुम्ही आणि तुमचा फ्रिज चिखलात. म्हणून भरती नऊला असेल तर सामान साडेसातला हलायला हवं, आणि भरतीच्या आधीच उतरवायला सुरुवात व्हायला हवी. आम्ही दोन फेऱ्या केल्या. माणसं एका होडीत, सामान सांगडीवर, एकत्र नाही. कपाटाच्या मुठींना गोणपाट आणि काथ्या. घाटापासून अंगण तीस पावलं. साडेनऊला सगळं अंगणात. होड्या, पिकअप आणि वाडीतल्या सहा जणांची मजुरी मिळून साडेआठ हजार गेले.

आता हिशेब करा. बत्तीस, वरचे दहा, हे साडेआठ, दवाखाना वेगळा. पहिल्या माणसाने अठ्ठेचाळीस सांगितले होते. त्याने खरं ऐकून खरा दर दिला होता, आणि मी त्याला महाग म्हणून सोडलं.

त्यामुळे आता मला कोणी विचारलं तर मी सांगते, काम दोन तुकड्यांत द्या. गाडी लागते तिथपर्यंत मूव्हर्स, आणि तिथून पुढे स्थानिक माणसं. शहरातली कंपनी पॅकिंग चांगलं करते, गाडी चांगली लावते. पण पाखाडी, गाळ, पाणी हे त्यांचं काम नाही, आणि "हो हो, करू" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा तुमचं घर न बघता बोलत असतो. मधे एक रात्र सामान ठेवायला कोणाची तरी पडवी आधीच मागून ठेवा. मोठी गाडी वळणार नसेल तर छोटा हत्ती किंवा पिकअप तिथलीच ठरवा.

कागदाचं थोडं सांगते, कंटाळवाणं आहे पण ऐका. मूव्हर्सकडून बिल्टी घ्याच. रस्त्यावरच्या मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा आहे. त्याखाली वाहतूकदार नोंदणीकृत असावा लागतो, आणि सामानाचं नुकसान झालं तर त्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते, तीही तुम्ही लिहून दिलेल्या किमतीच्या आत. त्याहून जास्त हवी तर आधीच जास्त किंमत जाहीर करून जादा दर द्यावा लागतो. आता गंमत बघा: बत्तीस हजारांतले बिल्टीवर "भाडं" म्हणून आठच दाखवले आणि बाकी पॅकिंग-हमाली म्हणून वेगळ्या बिलावर, तर दहापट कशाची धरणार? म्हणून बिल्टीवरचा आकडा वाचा. किंमत लिहायची जागा रिकामी सोडू नका. दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते.

इन्शुरन्सचे म्हणून पैसे मागितले तर विमा कंपनीची पॉलिसी मागा. आमच्या बिलावर "रिस्क कव्हरेज" लिहिलं होतं. मी पॉलिसी नंबर विचारला तर उत्तरच नाही. पॉलिसी मिळाली तर त्यात चढवणं-उतरवणं धरलंय का आणि होडीचा टप्पा धरलाय का, हे दोनच प्रश्न विचारा. बहुतेक वेळा गाडीतून उतरलं की त्यांचं संपलं. म्हणून जेटीवर किंवा रस्त्यावर सामान ताब्यात घेताना तिथेच खोकी मोजा, फोटो काढा, चेपलेलं-तुटलेलं त्यांच्या प्रतीवर लिहून मगच सही करा. घरी नेऊन उघडू म्हणालात की ते नुकसान कोणी केलं याला पुरावा नाही. आणि ई-वे बिलाचे पैसे लावले असतील तर हसून नाही म्हणा. वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही. भांडण विकोपाला गेलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मला जो प्रश्न सगळ्यात जास्त येतो तो अलिबागवाल्यांचा. "आता रो-रो आहे ना?" आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला सुरू झाली, गाडीसकट तासाभरात पलीकडे. तुमच्या सामानाचा टेम्पो घेतात का, किती उंचीचा, हे आधी विचारा. पण त्याने तुमचा समुद्र संपतो, वाडी संपत नाही. मांडव्याला उतरल्यावर पोफळींमधून जाणारी शेवटची गल्ली जेवढी होती तेवढीच आहे. दिवाडीवर घर घेतलेल्या एका श्रोत्याला पूल नसल्यामुळे फेरीबोटीच्या रांगेचाच हिशेब करावा लागला; त्याने सकाळच्या ऑफिसच्या गर्दीत टेम्पो नेला आणि दोन तास धक्क्यावर उभा राहिला. तुम्ही दुपारची वेळ घ्या. आणि व्हेनिसला राहणाऱ्या आमच्या एका श्रोतीने लिहिलंय की तिकडे उलटंच आहे: पाणी फार चढलं की सामानाची होडी पुलाखालून जात नाही, ओहोटीची वाट बघावी लागते. हे मला फारच आवडलं.

पावसाळ्यात करू नका. जून ते ऑगस्ट खाडीला ओढ असते, पाखाडी म्हणजे ओढा होतो, आणि तात्यांसारखी माणसं त्या दिवसांत होडी वर ओढून ठेवतात. कोणी पैशासाठी तयार झालाच तर त्याचं ऐकू नका.

फ्रिजबद्दल विचारलं होतं एकीने. उभाच न्या. आडवा न्यावाच लागला तर घरी उभा करून काही तास तसाच ठेवा, मग चालू करा. इन्सुलिन, औषधं, दागिने, कागदपत्रं स्वतःच्या पिशवीत. हे मूव्हर्सच्या यादीत जायलाच नको.

राहिला तो मुलगा. दवाखान्याचे पैसे मी दिले, आणि तीन आठवड्यांची मजुरीही दिली. त्याच्या कंपनीने काय दिलं, असं विचारल्यावर तो फोनवर नुसता हसला. तो नोंदलेला कामगार नव्हता, रोजंदारीवर आणलेला. आपल्याकडे माथाडी कायदा १९६९ पासून आहे, पण असे किती जण त्याच्या बाहेर राहतात हे मला त्याच्यामुळे कळलं. त्यावर वेगळा भाग करायचाय. कोणी त्या क्षेत्रात काम करत असेल तर कळवा.

महिन्याने त्याचाच फोन आला. परत कामाला लागलो, म्हणाला. मग विचारलं, "ताई, ते कपाट शेवटी कुठे बसवलंत?"

मी म्हटलं, दाराची उंची पाच फूट आठ इंच. पडवीतच आहे. आईने त्यात भाताचं बियाणं ठेवलंय.